आखूड सोंडेचा हत्ती

पंचम जॉर्ज गादीवर बसला आणि १९११ साली त्याच्या छापाचा पहिला रुपया हिंदुस्थानात निघाला. डोक्यावर मुकुट, भरगच्च दाढी, अंगावर भरजरी झगा, आणि झग्यावरच्या साखळीत ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ या किताबाचा एक इवलासा हत्ती. राजाची ही प्रतिमा बर्ट्रम मॅकेनल या नामांकित शिल्पकाराची. हिंदुस्थानच्या रुपयावर हिंदुस्थानचा प्राणी, म्हणजे हेतू बरा होता. घोळ एवढाच झाला की सोंड आखूड पडली आणि पाय बुटके. रुपया बाजारात आला आणि लोकांना तिथे हत्तीऐवजी डुक्कर दिसलं. मुसलमानांमध्ये संताप उसळला. सरकारने रुपया मागे घेतला, तिजोरीत उरलेली नाणी वितळवली आणि १९१२ पासून लांब सोंडेचा, ठसठशीत कानांचा नवा हत्ती राजाच्या झग्यावर चढवला. वितळण्यातून जे रुपये सुटले त्यांना नाणेसंग्राहक आजही ‘पिग रुपी’ म्हणतात.

तो रुपया मी भिंगाखाली पाहिला आहे. मला पहिल्या नजरेत हत्तीच दिसला. पण मला आधीच सांगितलं होतं की तो हत्ती आहे. १९११ सालच्या बाजारात कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. लोकांनी तळहातावर रुपया घेतला, डोळे बारीक केले आणि जे दिसलं ते दिसलं.

राष्ट्रचिन्हांचा एक ठरलेला तक्ता असतो. सिंह म्हणजे सामर्थ्य, चक्र म्हणजे धर्म, कमळ म्हणजे पावित्र्य, कणीस म्हणजे समृद्धी. परीक्षेपुरता तो बरा आहे. नाण्याच्या बाबतीत मला तो कधीच पुरेसा वाटला नाही, कारण नाण्यासोबत तक्ता येत नाही. झेंड्याला निदान उभं राहून वंदन करतात, राष्ट्रगीताला शिस्त असते. नाणं मात्र भाजीवाल्याच्या गोणपाटाखाली असतं, देवळाच्या पेटीत असतं, एसटीच्या कंडक्टरच्या चामडी पिशवीत असतं. तिथे त्याच्यावरचं चित्र कुणी समजावून सांगत नाही. टांकसाळ छाप उमटवते, आणि मग तिचा अर्थ लावायचं काम ज्याच्या हातात नाणं पडेल त्याच्याकडे जातं.

स्वतंत्र भारतालाही हा धडा पुन्हा गिरवावा लागला. २००५ पासून निघालेल्या नव्या नाण्यांवर एकमेकींना छेदणाऱ्या रेषा आणि त्यांच्या चार कोपऱ्यांत चार ठिपके होते. सरकारी अर्थ ‘विविधतेत एकता’ असा होता. चार डोकी आणि एकच शरीर, अशी ती कल्पना. कागदावर कल्पना वाईट नाही. पण दोन रुपयाच्या नाण्यावर ती पाहिली की चार डोकी शोधावी लागतात आणि क्रूस मात्र आपोआप दिसतो. ख्रिस्ती धर्माचं चिन्ह भारताच्या नाण्यावर का, असे आक्षेप सुरू झाले. २००७ साली त्या रेषा गेल्या आणि हातांच्या मुद्रा आल्या: पन्नास पैशांवर मूठ, रुपयावर वर केलेला अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटं. नृत्यातल्या हस्तमुद्रा असं त्यांचं अधिकृत वर्णन. मला ती मालिका मनापासून आवडली. एकाला एक बोट, दोनाला दोन बोटं. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही नाणं आपली किंमत सांगतं. भरतनाट्यमशी त्याचा किती संबंध उरला, हा भाग निराळा.

छाप मारूनही खालचं काही मिटत नाही याचा सर्वांत जुना आणि सर्वांत देखणा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच सापडला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंबीला चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा मिळाला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी मूळची क्षहरात वंशातल्या नहपान या क्षत्रपाची, म्हणजे शक राज्यकर्त्याची. एका बाजूला नहपानाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण, वज्र आणि ब्राह्मी-खरोष्ठी लेख. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला तेव्हा चालू चलनातली ही नाणी त्याच्या हाती आली. ती वितळवून त्याला नवी पाडता आली असती. त्याने तसं केलं नाही. आहे त्याच नाण्यांवर त्याने आपले ठसे मारले: एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह म्हणून ओळखली जाणारी चार वर्तुळं जोडलेली खूण. त्या साठ्यातली नऊ हजारांहून जास्त नाणी अशी पुन्हा ठोकलेली आहेत.

यातलं एक नाणं जवळून बघायला मिळालं तर सोडू नका. डोंगर एकदम नजरेत भरतो. मग प्रकाश जरा तिरका पडला की डोंगराच्या उतारावर कुणाचं तरी नाक दिसायला लागतं. नाकाखाली ओठ. काठाशी अर्धवट ग्रीक अक्षर. काही नाण्यांवर ठसा इतका घाईने बसला आहे की नहपान जवळजवळ सबंध शिल्लक आहे आणि डोंगर त्याच्या गालावर ओघळल्यासारखा वाटतो. नाशिकच्याच पांडवलेण्यात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात ती आपल्या मुलाला ‘खखरातवंसनिरवसेसकर’ म्हणते, म्हणजे क्षहरातांचा वंश निरवशेष करणारा. आई लेण्याच्या भिंतीवर निरवशेष म्हणते आहे आणि मुलाच्या नाण्यावर नहपानाचं नाक शाबूत आहे! मला हा विरोधाभास फार आवडतो. राजाला शत्रूचा चेहरा पुरता पुसायचा नसावाच, असंही कधीकधी वाटतं. नव्या ठशाखाली जुना मालक ओळखू येतो तोवरच जिंकल्याची खूण शिल्लक राहते. गंमत म्हणजे पुढे सातवाहनांनी स्वतःची चांदीची नाणी पाडली तेव्हा त्यांवर राजाचा चेहरा घेतला, थेट क्षत्रपांच्या धर्तीवर. ज्यांना हरवलं त्यांची रीत मात्र उचलली.

इतकी शतकं ओलांडून मराठेशाहीत यावं तर तिथे याहून मौजेचा प्रकार. पेशवाईतले पुण्याचे रुपये घ्या. सत्ता मराठ्यांची, टांकसाळ मराठी मुलखातली, आणि नाण्यावरचा मजकूर फारसीत, दिल्लीच्या बादशहाच्या नावाने. बाजारात त्या नावाची पत होती, ती कशाला मोडायची, असा सरळ व्यवहार. पण नाण्याच्या एका कोपऱ्यात छोटासा अंकुश असे. फारसी वाचता येणारे थोडे, अंकुश ओळखणारे सगळे. पेशवे गणपतीचे उपासक, तेव्हा अंकुश म्हटला की गणपती आठवणारच. लोकांनी त्या रुपयाला ‘अंकुशी’ म्हटलं. बादशहाचं नाव नाण्यावर राहिलं, लोकांच्या तोंडी आलं नाही. इंग्रजांनी हीच युक्ती बंगालात केली. कंपनीच्या मुर्शिदाबादी रुपयावर शाह आलमच्या कारकिर्दीचं एकोणिसावं वर्ष असे, आणि ते वर्ष पुढे सरकतच नसे. शाह आलम १८०६ मध्ये वारला तरी त्याच्या नावाचं एकोणिसावं वर्ष चालूच राहिलं. शेवटी १८३५ मध्ये सगळ्या कंपनी मुलखासाठी एकच रुपया आला आणि त्यावर चौथ्या विल्यमचं तोंड बसलं.

या सगळ्यात शिवराई वेगळी पडते. तांब्याचं जाडसर नाणं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांची किनार. चेहरा नाही, प्राणी नाही, शस्त्र नाही. आजूबाजूला फारसी अक्षरांचं राज्य असताना नुसती देवनागरी अक्षरं लिहिणं हेच तिथे चिन्ह होतं. राजांचं चित्र नाण्यावर असतं तर आज त्यांच्या चेहऱ्याबद्दलचे अर्धे वाद मिटले असते हे खरं, पण त्या काळी त्या अक्षरांनी जे केलं ते चित्राने झालं नसतं. शिवराईच्या नकला पुढे पेशवाईत निघाल्या, अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी निघाली, कुठे अक्षरं उलटसुलट झाली, कुठे अर्धी कापली गेली. तरी लोक तिला शिवराईच म्हणत राहिले आणि इंग्रजी अंमल बसल्यावरही ती दख्खनच्या बाजारात चालत राहिली.

नाण्याचा अर्थ लोकांनी काय लावला हे मला त्याच्या टोपणनावातून सर्वांत चांगलं कळतं. व्हिक्टोरियाचा रुपया आपल्याकडे ‘राणीछाप’ झाला. कैसर-ए-हिंद वगैरे बिरुदं सरकारी कागदावर राहिली. व्हेनिसचं सोन्याचं डुकाट व्यापारातून भारतात आलं. त्यावर सेंट मार्कपुढे गुडघे टेकलेला डोज, म्हणजे तिथला राज्यप्रमुख, आणि मागे येशू. आपल्या लोकांना कुठला मार्क आणि कुठला डोज ठाऊक असायला? त्यांना दोन आकृत्या दिसल्या, त्यांनी ‘पुतळी’ म्हटलं, आणि सराफांनी तशा नकला पाडून त्यांच्या माळा ओवल्या. व्हेनिसच्या संतांनी मराठी बायकांच्या गळ्यात पिढ्यानपिढ्या काढल्या त्या अशा. हे आपल्यापुरतंच आहे असंही नाही. अथेन्सच्या चार द्राख्मांच्या नाण्यावर अथीना देवीचं घुबड होतं आणि ग्रीक लोक त्या नाण्यालाच घुबड म्हणत. कॅनडात १९८७ साली डॉलरचं नवं नाणं आलं. त्यावर खरं म्हणजे होडी वल्हवणारे प्रवासी यायचे होते, पण त्यांचे साचे टांकसाळीकडे नेताना वाटेतच हरवले. बनावट नाणी निघायची भीती, म्हणून घाईघाईने दुसरं चित्र घेतलं: लून नावाचा पाणपक्षी. लोकांनी नाण्याला ‘लूनी’ म्हटलं आणि आज तो पक्षी कॅनडाच्या डॉलरची ओळख होऊन बसला आहे. गहाळ झालेल्या एका पार्सलातून राष्ट्राचं चिन्ह जन्माला येतं, हे त्या तक्त्यात कुठे बसवायचं?

प्रजासत्ताकाची पहिली नाणी १५ ऑगस्ट १९५० ला आली. राजाचा चेहरा गेला. त्या जागी सारनाथचं सिंहशीर्ष आलं, जे त्याच वर्षी २६ जानेवारीला राष्ट्रचिन्ह म्हणून स्वीकारलं होतं. हा निर्णय आज आपल्याला सहज वाटतो, पण तेव्हा चेहऱ्यांची वाण नव्हती. कुणाचंही तोंड छापता आलं असतं. आधी चाललेल्या राजाच्या जागी कुणी माणूसच न बसवणं ही मला त्या नाण्यांतली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. माणसं नाण्यावर आली ती नंतर, स्मारक नाण्यांवर: १९६४ मध्ये नेहरू, १९६९ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त गांधीजी.

त्या १९५० च्या संचाची मागची बाजू मी अनेकदा न्याहाळते. १९४७ च्या रुपयावर वाघ होता. त्याच्या जागी गव्हाची दोन कणसं आली. रुपया, आठ आणे, चार आणे यांवर कणसं. दोन आणे, एक आणा आणि अर्धा आणा यांवर डौलदार वशिंडाचा बैल. सर्वांत लहान पैशावर दौडणारा घोडा. बैल आणि घोडा कुठून आले असतील याचा फार शोध घ्यावा लागत नाही. सारनाथच्या सिंहांच्या पायाखाली जी गोल बैठक आहे, तिच्यावर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह असे चार प्राणी आहेत, मध्ये चक्रं. राष्ट्रचिन्हात समोरून बघताना उजवीकडे बैल आणि डावीकडे घोडा दिसतो. बाकीचे दोघे मागे राहतात. नेमके तेच दोन प्राणी, जे समोरून दिसतात, चिल्लरीवर आहेत. एका बाजूला सिंह, आणि उलटवलं की त्यांच्या पायाखालचा बैल. हत्ती पुन्हा मागेच राहिला. १९११ चा अनुभव लक्षात घेता कुणाची छाती झाली नसावी, असं मी उगाच मनाशी म्हणते. (हत्ती अखेर २००३ मध्ये दोन रुपयाच्या नाण्यावर आला, रेल्वेच्या दीडशे वर्षांनिमित्त, हातात कंदील घेतलेला गार्ड ‘भोलू’ होऊन. सोंड व्यवस्थित लांब आहे.)

आता कणसांबद्दल. तक्ता म्हणेल समृद्धी. पण १९५० साली धान्य रेशनवर मिळत होतं, बंगालच्या दुष्काळाला सात वर्षंच झाली होती आणि गहू परदेशातून येत होता. अशा देशाने वाघ काढून कणीस ठेवलं तर ती समृद्धीची मिरवणूक नसते, ते मागणं असतं. वाघ दिमाखाचा प्राणी, पण त्याने पोट भरत नाही. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत हे मागणं नाण्यावर उघडउघड शब्दांत उतरलं. ‘सबके लिए अन्न’. १९७३ ला ‘अधिक अन्न उगाओ’. १९७४ ला ‘नियोजित परिवार’ आणि त्यासोबत पुन्हा सगळ्यांसाठी अन्न. १९७५ ला समानता, विकास, शांती. १९७७ ला विकासासाठी बचत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या मोहिमेशी जोडलेली ही नाणी. कुटुंबनियोजनाचा सल्ला दहा पैशांवर छापून देणारं सरकार आज विनोदी वाटेल. मला मात्र ती नाणी प्रामाणिक वाटतात. त्या काळातल्या सरकारला रात्री कशाने झोप येत नव्हती हे त्या दहा पैशांवरून जितकं कळतं तितकं अर्थसंकल्पाच्या भाषणावरून कळणार नाही. सुबकतेच्या बाबतीत मात्र ती बिचारी मार खातात. एवढ्याशा अ‍ॅल्युमिनियमवर दोन लिप्यांत घोषणा, कुटुंब, साल आणि किंमत. कुठे बघावं तेच कळत नाही.

सुबक म्हणावं तर १९८८ पासूनचे स्टीलचे पंचवीस पैसे. एकशिंगी गेंडा, बाजूने घेतलेला, कातडीच्या घड्यांसकट. नाणं एवढंसं, पण गेंडा भरभक्कम. त्याच्यामागे घोषणा नाही, संदेश नाही. कुणी आक्षेप घेतल्याचं माझ्या कानावर नाही. गेंडा कुणाच्या धर्माच्या वाटेला जात नाही. आपल्या चलनातल्या सगळ्या चित्रांमध्ये मला निवड करायला सांगितली तर मी डोळे मिटून हाच गेंडा उचलीन. ३० जून २०११ ला पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून बाद झाली आणि गेंडाही गेला. त्याच सुमाराच्या अकरा बाजूंच्या दोन रुपयांवर भारताचा नकाशा, त्यात झेंडा आणि ‘राष्ट्रीय एकात्मता’ असं तीनदा सांगून झालेलं असायचं. गेंड्याने न बोलता जास्त सांगितलं.

चिन्हांतलं सर्वांत बारीक चिन्ह मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. सालाच्या खाली बघा. छोटा हिरा असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, चांदणी असेल तर हैदराबादचं, साधा ठिपका असेल तर नोएडाचं, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. हे एकदा माहीत झालं की सुट्टे पैसे मोजायला दुप्पट वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवते.

चिन्हं वाचायची सवय लोकांना नसते असं कुणाला वाटत असेल तर त्याने दहा रुपयाच्या नाण्याची कथा आठवावी. काही वर्षांपूर्वी अफवा पसरली की ज्या नाण्यावर दहा रेषा ते खरं, पंधरा रेषा ते खोटं. ज्यावर रुपयाचं नवं चिन्ह नाही तेही खोटं. रुपयाचं चिन्ह मुळात जुलै २०१० मध्ये ठरलं, डी. उदय कुमार यांचं, आणि २०११ पासून नाण्यांवर आलं; त्याआधीच्या नाण्यांवर ते असणार कुठून? पण एवढा विचार कोण करतो. दुकानदार भिंग लावल्यासारखे रेषा मोजू लागले, रिक्षावाले नाणं परत द्यायला लागले. अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावं लागलं की दहा रुपयाचे चौदा नमुने आहेत आणि चौदाही चालतात. ज्या रेषांचा अर्थ आखणाऱ्यालाही कदाचित शोभेपलीकडे अभिप्रेत नव्हता, त्या रेषांवर लोकांनी खऱ्याखोट्याचा निवाडा केला. चौदा नमुने एकाच वेळी बाजारात सोडल्यावर दुसरं काय होणार?

२०१९ च्या मालिकेवर पुन्हा धान्य आहे. वाघाच्या जागी आलेली कणसं मागणं होती. हे धान्य मला बढाईसारखं वाटतं, देश शेतीत मोठा आहे हे सांगणारं. त्या मालिकेतली खरी नवी गोष्ट चित्रात नाही, आकारात आहे. राष्ट्रीय डिझाइन संस्थेकडून ही नाणी दृष्टिहीनांचा विचार करून आखून घेतली: किंमत वाढेल तसा आकार आणि वजन वाढतं, आणि वीस रुपयाचं नाणं बारा बाजूंचं आहे. हे मला कुठल्याही कमळापेक्षा जास्त राष्ट्रीय वाटतं. अडचण फक्त एक. नवी मालिका आली म्हणून जुन्या जात नाहीत. एकाच मुठीत जुना जाड पाच, पातळ स्टीलचा पाच, सोनेरी पाच आणि नवा मोठा पाच असे चारही निघतात, आणि बोटांनी ओळखायची सगळी योजना तिथेच कोलमडते. जुनी नाणी हळूहळू गोळा करून घेतल्याशिवाय या आखणीचा फायदा ज्यांच्यासाठी ती केली त्यांना मिळायचा नाही. वीसच्या नाण्याच्या बाजू मी मोजल्या आहेत, बाराच आहेत. उद्या बाजारात कुणी तेरा मोजल्या, की रिझर्व्ह बँकेने नवं पत्रक तयार ठेवावं.